डावीकडे आठ

पाचही गोळ्या एका नाण्याखाली झाकता आल्या असत्या, इतक्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. फक्त ते नाणं काळ्या ठिपक्यावर न ठेवता दोन बोटं डावीकडे ठेवावं लागलं असतं. मी रायफलच्या टेलिस्कोपवरून डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. पन्नास मीटरवरच्या कागदाला माझी काही दया आली नाही. ठिपका कोरा करकरीत, आणि शेजारी माझ्या गोळ्यांचा पुंजका चुकीच्या पत्त्यावर मजेत बसलेला. हात हलला म्हणावं तर गोळ्या पसरल्या असत्या. वारा म्हणावा तर टोकाच्या खांबाला बांधलेली चिंधी मलूल लोंबत होती. म्हणजे मी जिथे बघायचं तिथेच बघत होते, आणि रायफल दुसरीकडेच बघत होती. टेलिस्कोपच्या बाजूला एक छोटी चकती असते, ती फिरवली की क्लिक असा आवाज होतो, आणि एका क्लिकला या अंतरावर गोळी साधारण साडेतीन मिलिमीटर सरकते. दोन बोटं म्हणजे आठ क्लिक. आठ, असं मी मनातल्या मनात म्हटलं आणि पुन्हा एकदा मोजलं. कारण गेल्या शनिवारी सहा होते. त्याच्या आधीच्या शनिवारी पाच.

"काय म्हणतेय रायफल?" शेजारच्या स्टुलावरून आमच्या ह्यांनी विचारलं.

"मजेत आहे," मी म्हटलं.

रायफल एक आणि माणसं दोन, हे मुळातलं दुखणं. सहा वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. एका शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं सहायक होते. भिंगं पुसायची, तराजूंचे काटे जागेवर आणायचे, आणि मुलं वाकड्या मानेनं मोजपट्टी वाचायला लागली की त्यांच्या हनुवटीला बोट लावून मान सरळ करायची, हे माझं काम. 'आधी डोळा समोर आणा, मग आकडा सांगा,' हे वाक्य मी स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारलं असेल. ह्यांचं चित्रांना चौकटी करून देण्याचं दुकान. तिथे एकदा कॅप्टन आले, नेमबाजीच्या क्लबची प्रशस्तिपत्रकं घेऊन. कॅप्टन म्हणजे या रेंजचे प्रमुख. लष्कराशी त्यांचा संबंध नाही, ते फेरीबोटीवर तिकिटं तपासायचे, पण छाती काढून चालतात म्हणून कॅप्टन. त्यांनी या म्हटलं, आणि घरात बसून एकमेकांच्या चुका काढण्यापेक्षा कागदाला भोकं पाडलेली बरी असं म्हणून आम्ही गेलो. गेलो ते अडकलोच. गाव सोडून चाललेल्या एका सभासदाची जुनी रायफल घेतली. ती क्लबच्या कपाटात राहते. हे मंगळवारी जातात, कारण त्या दिवशी दुकान बंद असतं, आणि मी शनिवारी जाते, कारण मंगळवारी हे घरात नसले की मला घर आवडतं. प्रत्येकाचा झिरो, म्हणजे गोळी नेमकी मध्ये बसेल अशी चकतीची जागा, वेगळा असतो, हे इथे आल्यावर कळलं. गाल दस्त्यावर कुठे टेकतो, डोळा काचेपासून किती मागे राहतो, यावर गोळी थोडी इकडेतिकडे होते. म्हणून दुसऱ्यानं वापरलेली रायफल हातात घेतली की आधी चार-पाच गोळ्या मारून ती आपल्या नजरेशी जुळवून घ्यावी लागते. सहा वर्षं आमच्या दोघांत एका क्लिकचा फरक होता. पस्तीस वर्षांच्या संसारात एवढा फरक शोभून दिसतो, असं कॅप्टन म्हणायचे.

मग चार महिन्यांपूर्वी एका शनिवारी तो फरक दोन क्लिकचा झाला. मी मनावर घेतलं नाही. पुढे तीन झाला. मी टेलिस्कोपचे सगळे स्क्रू आवळले. आणखी तीन शनिवार तीनच राहिला, आणि मी स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली. मग तो पाच झाला. कपाटात रायफलबरोबर एक वही असते, तिच्यात ज्यानं त्यानं त्या दिवशी चकती किती फिरवली ते लिहायचं. माझ्या पानांवर आकडे, खाडाखोड, एक-दोन प्रश्नचिन्हं. ह्यांच्या पानांवर दर मंगळवारी वळणदार अक्षरात एकच शेरा: बदल नाही. बदल नाही. बदल नाही. दुकानातल्या पावत्यांवरसुद्धा ते इतकं सुरेख अक्षर काढत नाहीत. शेवटी मी कॅप्टनना सांगून रायफल लोखंडी शिकंज्यात आवळून वीस गोळ्या मारून घेतल्या. वीसच्या वीस एकाच भोकातून गेल्यासारख्या. "रायफल निर्दोष," कॅप्टन म्हणाले. "आता माणसं तपासा, वहिनी." ते गमतीनं म्हणाले आणि मीही हसले, पण घरी जाताना बसमध्ये माझा थांबा मागे पडला तरी मला कळलं नाही.

कारण माणूस मी तपासतच होते. चार महिने घरात माझी प्रयोगशाळाच चालू होती. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या दिवाणखान्यात पाय ठेवल्या ठेवल्या भिंतीवरचं चित्र बोटानं सरळ केलं, आणि त्यापायी दोन नातेवाईक कायमचे तोडले, त्यानं आमच्या हॉलमधला लेकीच्या लग्नातला फोटो एके दिवशी 'सरळ' केला आणि लेक, जावई, व्याही सगळे एका बाजूला घरंगळायला आल्यासारखे दिसायला लागले. ते गेल्यावर मी तो नीट केला. संध्याकाळी त्यांनी पुन्हा 'नीट' केला. असं आठवडाभर चाललं, दोघंही तोंडातून चकार शब्द न काढता. वर्तमानपत्र खिडकीत उभं राहून वाचायचं आणि छापणारे शाई वाचवतात म्हणून चिडायचं. दिवे हल्ली भिकार मिळतात. चष्म्याची काच आधीसारखी येत नाही. बाजारात एकदा माझ्या निळ्या स्वेटरसारखा स्वेटर घातलेल्या बाईंच्या मागून हे दहा पावलं चालले आणि कांद्यांचं पोतं घ्यावं की किलोभरच घ्यावेत यावर त्यांच्याशी सविस्तर बोलले. त्या बाई भल्या. किलोभर पुरे, म्हणाल्या. मी मागे उभी राहून ऐकत होते आणि मला हसू आवरत नव्हतं, आणि हसता हसता एकदम वाटलं की हे हसण्यासारखं नाही. उजवा डोळा. डाव्यानं भागत होतं म्हणून सगळं झाकून जात होतं, पण रायफल उजव्या खांद्यावर बसते आणि तिला उजवाच डोळा लागतो. टेलिस्कोपमध्ये मधोमध धुकं साचलं की माणूस काय करतो? मान कलती करून धुक्याच्या कडेनं बघतो, आणि मानेबरोबर रायफलही कलते. उजवीकडे कललेल्या रायफलची गोळी उजवीकडे जाते. मग ती मध्ये आणायला चकती डावीकडे फिरवायची. मी शनिवारी येऊन तीच रायफल सरळ धरली, की माझी गोळी डावीकडे. ते आठ क्लिक रायफलचे नव्हतेच. ते ह्यांच्या मानेचे होते.

मी चकतीवरचं टोपण काढलं आणि उजवीकडे आठ क्लिक फिरवले, मोजून. पुढच्या तीन गोळ्या ठिपक्याच्या पोटात गेल्या. कॅप्टननी लांबच्या दुर्बिणीतून बघून अंगठा वर केला. पुढच्या रविवारी क्लबची जोडीची स्पर्धा होती, आणि त्यासाठी या वर्षी आज पहिल्यांदाच आम्ही दोघं एका वेळी रेंजवर आलो होतो. जोडीला रायफल एकच आणि कागदही एकच. त्या कागदावर नाण्याएवढ्या काळ्या ठिपक्यांच्या दोन उभ्या रांगा असतात, प्रत्येकीत पाच, शेजारीशेजारी. डावी रांग आधी मारणाऱ्याची, उजवी नंतर मारणाऱ्याची. एका ठिपक्यात एकच गोळी. गेल्या वर्षी आमचा दुसरा नंबर आला होता आणि पहिला आलेल्या दंतवैद्य नवरा-बायकोशी हे अजून धड बोलत नाहीत. कॅप्टननी सरावासाठी तो कागद लावून दिला. मी वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, गाल दस्त्याला लावला. लाकडाला तेलाचा वास येत होता आणि ह्यांच्या दाढीच्या साबणाचाही, मंगळवारचा, अजून. हा वास नाकात गेला की माझा श्वास आपोआप संथ होतो, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं असतं. पाच ठिपके, पाच गोळ्या. चौथी जरा वर गेली. बाकी चार अशा की प्रयोगवहीत चिकटवाव्यात.

आणि मग मी ते केलं. चाप सोडला, बोल्ट, म्हणजे गोळी भरायची खिट्टी, उघडा ठेवला, रायफल खाली ठेवायच्या आधी उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं चकती धरली आणि डावीकडे आठ क्लिक परत फिरवले. अगदी हळू, बाहीचं बटण लावावं तसं. माझा विचार साधा होता. माझ्यानंतर हे बसणार. त्यांना त्यांचे आठ हवेत. माझ्या डोळ्यांदेखत ते चकतीला हात लावणार नाहीत, कारण लावला तर 'बदल नाही' खोटं पडेल. आणि नाही लावला तर गोळ्या भलतीकडे जातील, कॅप्टन बघतील, पलीकडच्या टेबलावरचा दंतवैद्य बघेल. मग मीच देते लावून. त्यांना कळणारही नाही, वाटेल देवाची कृपा. उठताना मला इतकं हलकं वाटलं, की आपण किती चांगल्या आहोत असं क्षणभर वाटून गेलं.

"घसा सुकलाय," हे म्हणाले. "जरा पाणी आणतेस?"

पाण्याची टाकी रेंजच्या मागच्या काचेच्या खोलीत असते. मी ग्लास नळाखाली धरला आणि तो भरून हातावरून वाहायला लागला तरी धरूनच राहिले. काच जाड आहे, आतून गोळ्यांचा आवाज उशीवर थापट्या मारल्यासारखा येतो. मला मोठे दीर आठवले. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यात असंच धुकं आलं, मोतीबिंदू, आणि ते घाबरून दोन वर्षं टाळत बसले. शेवटी ह्यांनी मनावर घेतलं. 'दादा, दहा मिनिटांचं काम आहे, चौकट बदलायची आणि काच नवी बसवायची, बस्स,' असं म्हणून हसत हसत हात धरून घेऊन गेले. ऑपरेशन टेबलावर काय बिनसलं, नंतर डोळा कशानं पिकला, ते आम्हाला कधी नीट समजलं नाही. डोळा गेला. दीर चांगला माणूस. त्यांनी भावाला एका शब्दानं बोल लावला नाही, फक्त त्यानंतर ते पाणी ओतायला लागले की ग्लासच्या बाहेर ओतायचे, आणि हे पटकन उठून ग्लास सरकवून धारेखाली धरायचे. दीर जाईपर्यंत, अकरा वर्षं, प्रत्येक भेटीत. जाऊबाईंनी हात पुढे केला तरी हे करू द्यायचे नाहीत. हे सगळं मला माहीत असताना मी त्यांना कुठल्या तोंडानं म्हणणार होते, की चला, दहा मिनिटांचं काम आहे?

नाही म्हणायला मी एकटी जाऊन आले होते. स्वतःच्या चष्म्याचा नंबर काढायचं निमित्त करून डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. तरुण बाई होत्या, बोलताना पेन गोल गोल फिरवायच्या. पूर्वी पिकू द्या म्हणायचे, ते दिवस गेले, म्हणाल्या. आता जितकं लवकर तितकं सोपं, आणि फार राहू दिलं तर आत दगड होतो, मग आम्हालाही अवघड आणि त्यांनाही. किती दिवस झाले? मी म्हटलं, चार महिने, मला कळल्यापासून. त्यांना कळल्यापासून किती ते तेच जाणोत. मग तुम्ही त्यांना बोलत का नाही, असं त्यांनी सरळ विचारलं, आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. त्यांचा मान राखते म्हणून बोलत नाही, असं मी स्वतःला सांगत आले होते. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की मला आवडायला लागलं होतं. फोटो सरळ करणं, जिन्याच्या शेवटच्या पायरीच्या आधी सहज म्हणून हात धरणं, भाजीवाल्याचे सुटे आपणच मोजून घेणं. त्यांच्या नकळत त्यांचं सगळं मी चालवत होते आणि मनातून फुशारत होते. प्रयोगशाळेत मुलांची उत्तरं मी कधी दुरुस्त केली नाहीत. मान सरळ करायचे, आकडा त्यांनाच वाचायला लावायचे. आणि इथे मी माणसाची मान वाकडी ती वाकडीच ठेवून चार महिने आकडा दुरुस्त करत बसले होते. वाहून गेलेलं पाणी पायावर सांडलं तेव्हा मी भानावर आले.

बाहेर आले तेव्हा ते टेबलाशी बसले होते. मी पाण्याचा ग्लास बाकावर ठेवला आणि मागे उभी राहिले. चार महिन्यांत त्यांना नेम धरताना मी पहिल्यांदाच बघत होते. मनात हिशेब करून ठेवलेली गोष्ट डोळ्यांसमोर आली की वेगळंच होतं. मान उजव्या खांद्याकडे झुकलेली, भिंतीपलीकडचं बोलणं ऐकायला माणूस झुकतो तशी, आणि तिच्याबरोबर रायफलही वाळूच्या पिशवीवर कुशीला वळलेली. टाळूवरचे केस विरळ झालेत तिथे उन्हाचा एक तुकडा पडला होता. मला त्यांची इतकी माया आली की हात उचलून हनुवटीला बोट लावावं असं वाटलं. चाप ओढणाऱ्या माणसाच्या हनुवटीला बोट लावत नाहीत, म्हणून राहिले. पहिली गोळी. ते खूष झाले. खूष झाले की त्यांचे कान मागे जातात, वरच्या आवाज अडवणाऱ्या इअरमफसकट. दुसरी, तिसरी. प्रत्येक गोळीनंतर कान मागे. पाचवी झाल्यावर बोल्ट उघडून त्यांनी रायफल ठेवली, एक कान मोकळा केला आणि मला म्हणाले, "बघ. एकेक कशी लोण्यात गेल्यासारखी गेलीय. त्या दातवाल्याला सांग, रविवारी यायचे कष्ट घेऊ नकोस म्हणावं."

कॅप्टन दुर्बिणीला डोळा लावून होते. मग त्यांनी दुर्बीण जरा इकडे, जरा तिकडे केली.

"भाऊ," ते म्हणाले, "पाचही गोळ्या दहा-दहा गुणांच्या आहेत. वाद नाही."

"मग?"

"फक्त वहिनींच्या रांगेत आहेत. वहिनींच्या पाचही ठिपक्यांत दोन दोन भोकं झालीत. तुमची रांग कोरी आहे."

दंतवैद्यांच्या टेबलावरून कुणीतरी खुदकन हसलं. हे उठले, दुर्बिणीशी गेले, डावा डोळा लावला, आणि मग त्यांच्या मानेचा मागचा भाग हळूहळू लाल होत गेलेला मी पाहिला.

"कसं शक्य आहे?" ते म्हणाले. "मी मोजून आठ फिरवले."

आणि जी गोष्ट पोटात ठेवायला मला चार महिने काही जड गेलं नव्हतं, ती माझ्या तोंडून पडली. "अहो, आठ मी फिरवले होते."

कॅप्टन तिकीट तपासण्याच्या धंद्यातले, त्यांना माणसाचा चेहरा वाचता येतो. टोकाच्या खांबाची चिंधी बघून येतो, असं पुटपुटत ते चालू लागले. हे माझ्याकडे वळले. पाणी आणायला पाठवलं होतं ते घसा सुकला म्हणून नाही, हे मला तेव्हा कळलं. माझी पाठ फिरल्यावर चकती फिरवायची होती. आणि मी ती आधीच फिरवून ठेवली होती. दोघांनी मिळून सोळा, म्हणजे आठ जास्तीचे, आणि दोन रांगांमधलं अंतर बरोबर तेवढंच, दोन बोटं. जगातल्या दुसऱ्या कुठल्या जोडप्याला हा गाढवपणा जमला नसता.

"तुला आठ कसे माहीत?" त्यांनी विचारलं.

"गेल्या शनिवारी सहा होते. त्याआधी पाच. त्याआधी तीन."

"मला वाटलं, तुला वाटत असेल टेलिस्कोप सैल झालाय."

"स्क्रू आवळून झाले. शिकंज्यात धरून झाली. रायफल निर्दोष आहे."

ते स्टुलावर बसले. मीही शेजारी बसले. आमच्या दोन्ही बाजूंनी गोळ्या चालू होत्या, कुणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं, आणि पस्तीस वर्षांत महत्त्वाचं असं जे काही आम्ही बोललो ते असंच कुठल्यातरी गडबडीत बोललो, घरात शांत बसून कधी नाही. ते ग्लासकडे बघत होते. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला नाही. त्यांनी हात पुढे केला, तो ग्लासच्या थोडा उजवीकडे गेला, थांबला, मग नीट येऊन ग्लासवर बसला. ते प्यायले.

"दादाला मीच घेऊन गेलो होतो," ते म्हणाले.

"मला माहीत आहे."

"दहा मिनिटांचं काम आहे म्हणालो होतो."

"तेही माहीत आहे. मी थर्मास धरून शेजारीच होते."

"मला भीती वाटते गं." हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं. या माणसाला झुरळाची भीती वाटते हेसुद्धा मला लग्नानंतर नऊ वर्षांनी कळलं होतं.

"मलाही वाटते," मी म्हटलं. "नाहीतर चार महिने गप्प बसणारी बाई आहे का मी? दादांचं काय झालं ते झालं. मी तुम्हाला दहा मिनिटांचं काम आहे असं म्हणणार नाही. भीती वाटली तर वाटू दे, पण मला हे आता एकटीनं चालवायचं नाही. मी डॉक्टरांना विचारून आलेय. जितकं थांबाल तितका आत दगड होतो म्हणाल्या."

"विचारून आलीस? माझ्या पाठीमागे?"

"पाठीमागेच. पुढून तरी तुम्हाला काय दिसणार होतं?"

ते माझ्याकडे बघत राहिले, आधी मान कलती करून, मग सरळ. आणि मग हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून, हातातलं पाणी हिंदकळेपर्यंत. मीही हसले. दंतवैद्यांना वाटलं आम्ही त्यांच्यावर हसतोय. ते एकदम ताठ होऊन नेम धरायला लागले आणि त्यांची पुढची गोळी ठिपका सोडून कोऱ्या कागदात गेली, याचाही ह्यांना आनंद झाला. रविवारचं काय करायचं, मी विचारलं. कॅप्टनना सांग आमची जोडी या वर्षी नाही म्हणून, ते म्हणाले, आणि डोळे पुसले. मग रायफल पुसायचं फडकं हातात घेऊन, माझ्याकडे न बघता म्हणाले, "फोन तू लाव. आत्ताच लाव. मी लावला तर पुढच्या वर्षीची वेळ घेऊन येईन."

फोन काचेच्या खोलीतूनच करायचा असा नियम आहे. दवाखान्यातली मुलगी हुशार होती, भराभर विचारत होती. वय. साखर आहे का. रक्तदाब. गोळ्या कुठल्या. मी सगळं सांगत गेले, ह्यांच्याबद्दलचं सगळं मला पाठ आहे, आणि सांगता सांगता पुन्हा तीच फुशारकी अंगात चढायला लागलेली मला जाणवली. काचेतून ते दिसत होते, रायफल पेटीत ठेवत होते, कानांवर दोन्हीकडे इअरमफ. कॅप्टननी शिट्टी वाजवली, गोळ्या थांबल्या, लोक आपापले कागद बदलायला उठले. मुलीनं विचारलं, "डोळा कोणता?" उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण ते माझं उत्तर नव्हतं. मी दार उघडलं, फोन त्यांच्या दिशेनं धरला, आणि माझ्या एका डोळ्याकडे बोट दाखवलं, मग दुसऱ्याकडे, आणि भुवया वर केल्या. त्यांना कळलं. क्षणभर ते मंगळवारच्या शेऱ्यासारखं काहीतरी सांगून मोकळे होतील असं वाटलं. मग त्यांनी तोंड उघडलं. कानांवर इअरमफ असल्यामुळे आपला आवाज केवढा लागलाय याची त्यांना कल्पना नव्हती, आणि त्या शांततेत दहाच्या दहा टेबलांवरची माणसं, कॅप्टन, दंतवैद्य, त्यांची बायको, सगळी वळून बघायला लागली.

"उजवा," ते ओरडले. "मला उजव्या डोळ्यानं दिसत नाही."

"ऐकू आलं," फोनवरची मुलगी म्हणाली. "मंगळवारी दहाला घेऊन या त्यांना."